आईच्या दोन प्रश्नांना उत्तर

क्रॉस्बी, लिव्हरपूल
23 मार्च 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक बादलीत उचलून पलीकडे सोडते असं मी सांगितलं, तर गेल्या रविवारी आईनं फोनवर दोन प्रश्न विचारले आणि मी तोंड उघडायच्या आत रेंज गेली. पहिला, "बेडूक धरायचे पैसे देतात का गो तुला?" दुसरा, "त्याच बादलीत कपडे भिजवतेस की काय?" म्हणून हे पत्र. बाबांना तसंही कागदावरचंच खरं वाटतं.

कामाचं ठीक चाललंय, तब्येत बरी आहे, थंडी उतरतेय. ते झालं.

आता आई, आधी एक कबुली. गेल्या पाडव्याला तू पार्सलमधून साखरेची गाठी पाठवलीस, ती मी खाल्ली नाही. एका लोखंडी माणसाच्या गळ्यात घातली. रागावू नकोस, पुढचं सगळं त्या गाठीमुळेच झालं.

आमच्या इथल्या वाळूत शंभर लोखंडी माणसं उभी आहेत, उघडीनागडी, सगळी समुद्राकडे तोंड करून. एक मीटर 89 सेंटिमीटर उंच आणि वजन साडेसहाशे किलो. अँटनी गॉर्मली नावाच्या शिल्पकारानं स्वतःच्या अंगाचे 17 साचे काढले आणि त्यांतून ही ओतली, म्हणजे शंभरही तोच. तीनेक किलोमीटर किनारा त्यांनी व्यापलाय, काही तर पार आत, चिखलात. आधी ती जर्मनीत, नॉर्वेत, बेल्जियममध्ये उभी राहून आली, 2005 साली इथं आली आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला निघायची होती. मग जुंपली. किनारा सांभाळणारे म्हणाले, ती बघायला लोक आत जाऊन चिखलात रुततात. लहान होड्यावाल्यांना अडचण. पक्षीवाले म्हणाले, पाखरांच्या चरायच्या जागेवर माणसांची वर्दळ वाढली. गावकऱ्यांना मात्र तोवर त्यांचा लळा लागला होता. शेवटी 2007 साली नगरपालिकेनं कायमची परवानगी दिली, काही पुतळे तेवढे हलवले. बाबा, तुम्ही असतात तर दोन्ही बाजूंच्या सभांना गेला असतात. मला पक्षीवाल्यांचं म्हणणं अजूनही पटतं, आणि पुतळे गेले असते तर मी रडलेही असते.

गंमत त्यांच्या उभं राहण्यात नाही, बुडण्यात आहे. आपल्या रत्नागिरीला दोन-अडीच मीटर पाणी चढलं की आपण उधाण म्हणतो. इथं उधाणाला आठ-नऊ मीटरचा फरक पडतो. सकाळी कोरड्या वाळूत उभा असलेला पुतळा दुपारी गळाभर पाण्यात, आणि त्याच्या पुढचे तर दिसेनासेच. सहा तासांनी पुन्हा सगळे हजर, अंगावरून पाणी गाळत. आतल्या पुतळ्यांना कमरेपर्यंत, छातीपर्यंत ते खरखरीत शिंपले चिकटलेत, आपल्या होड्यांच्या बुडाला लागतात तसले. किनाऱ्याजवळचे नुसतेच गंजलेत. कुठवर शिंपले चढलेत हे बघून पाणी कुठवर येतं ते कळतं, पट्टीची गरज नाही.

लोक त्यांना टोप्या घालतात, मफलर गुंडाळतात. नाताळात लाल टोपी, मॅचच्या आधी फुटबॉलचा शर्ट. इथं लिव्हरपूल आणि एव्हर्टन असे दोन संघ, म्हणजे एकाच घरात दोन पक्ष. तर पाडव्याला घरी गुढी उभारायला गॅलरी नाही, कुणी ओळखीचं नाही, म्हणून संध्याकाळी गाठी घेऊन गेले आणि जवळच्या एकाच्या गळ्यात घातली. कडुलिंब कुठून आणणार, समुद्राचं शेवाळ होतं ते ठेवलं पायाशी. दोन मिनिटांत सीगल आले आणि गाठीवर तुटून पडले. मी त्यांना हाकलतेय, तेवढ्यात मागून कुत्रं घेऊन आलेल्या एक आजी हसायला लागल्या. हे काय आहे म्हणून विचारलं. मी नवीन वर्षाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग नव्या वर्षाला गाणं ऐकायला चल.

गाणं म्हणजे बेडकांचं. इथून उत्तरेला एन्सडेलपर्यंत वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्यामधल्या पाणथळ खळग्यांत नॅटरजॅक नावाची जात राहते. ब्रिटनमध्ये हे प्राणी मोजक्याच ठिकाणी उरलेत आणि त्यांतलं हे एक मोठं ठिकाण. पाठीवर डोक्यापासून खालपर्यंत एक पिवळी रेघ. उड्या न मारता उंदरासारखे धावतात. एप्रिलमध्ये नर रात्री ओरडायला लागले की तो आवाज लांबवर जातो, कुणीतरी मोठं लाकूड दाताळ्यानं खरवडतंय तसा. जवळच्या बर्कडेल गावावरून लोकांनी त्याला 'बर्कडेल नाइटिंगेल' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे बर्कडेलची कोकिळा. थट्टा आहे, पण प्रेमाची. त्या रात्री काळोखात उभं राहून मला आपल्या विहिरीमागचा पहिला पाऊस आठवला. नॅटरजॅकला मात्र परवान्याशिवाय हात लावता येत नाही, कायदा आहे. आजी म्हणाल्या, हातात घ्यायचे असले तर फेब्रुवारीत ये, साधे घ्यायला मिळतील.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. नाही आई, पैसे देत नाहीत. उलट बॅटरीचे सेल माझे आणि हातमोजेही माझे.

हे साधे बेडूक म्हणजे भेक. पुस्तकात भेक म्हणतात, आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणतो. अंग कोरडं, खडबडीत, चाल सावकाश. थंडीभर झाडीत, बागांत, दगडांखाली पडून असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिली ओली, जराशी उबदार संध्याकाळ आली की सगळे एकाच वेळी निघतात, आणि जातात कुठे, तर जिथे जन्मले त्याच तळ्यावर. मधे रस्ता झाला असला तरी त्यांची वाट तीच. आमचा रस्ता शहराबाहेर आहे, एका बाजूला झाडी, दुसरीकडे तळं. दिवेलागण झाली की आम्ही सहा-सात जण चमकणारी जाकिटं घालून, बॅटऱ्या आणि बादल्या घेऊन रस्त्याच्या कडेनं चालतो.

पहिल्या रात्री मला एकही दिसेना. ओल्या डांबरावर सगळी पानं बेडकांसारखी आणि बेडूक पानांसारखे. आजींनी शिकवलं, डोळे बघ, बॅटरीत चमकतात. मग एक दिसला, रस्त्याच्या मधोमध शांत बसलेला, बस थांब्यावर बसावं तसा. उचलला तर हातात चिवचिवला. नर असा ओरडतो, "सोड, मी मादी नाही" म्हणून, कारण एरवी दुसरे नर चुकून त्याच्यावरच चढतात. मादी बरीच मोठी असते आणि पुष्कळदा नराला पाठीवर घेऊनच रस्ता ओलांडत असते. जोडी सोडवायची नाही, तशीच बादलीत. नियम एकच, तोंड ज्या दिशेला असेल त्या बाजूला नेऊन सोडायचं. आपण त्यांना वाट दाखवायची नाही. डोळ्यांमागच्या गाठींतून ते विषारी चीक सोडतात, म्हणून घरी येऊन हात घासून धुते, ही काळजी करू नकोस.

एकदा एका गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं, काही हरवलंय का. बेडूक म्हटल्यावर त्यानं जे तोंड केलं ते हुबेहूब आईचं होतं. पण पुढचं वळण येईपर्यंत त्यानं गाडी बैलगाडीच्या चालीनं नेली.

आणि आम्ही मोजतो. जिवंत किती, चिरडलेले किती, सगळं वहीत. ही शेवटची ओळ लिहायला जिवावर येतं, पण तीच महत्त्वाची. देशभर अशा टोळ्या आहेत, कित्येक वर्षांपासून, आणि त्यांच्या वह्यांतले आकडे एकत्र करूनच 2016 साली अभ्यासकांनी दाखवलं की तीस वर्षांत ब्रिटनमधले भेक 68 टक्क्यांनी घटले. प्रयोगशाळेला हे कळलं नसतं. पावसात भिजत आकडे लिहून ठेवणाऱ्या आजींमुळे कळलं. भेक दहा-बारा वर्षं जगतो, तेव्हा या वर्षी मी उचललेल्यांत आजींनी आधी उचललेला एखादा असूही शकेल. त्या प्रत्येकाला "परत आलास?" असं विचारतात. मीही विचारायला लागलेय, मराठीत.

बाबा, तुम्ही फोनवर मागून हसत होतात ते मला ऐकू आलं. तुम्हाला हसायचा काही अधिकार नाही. मी आठवीत असताना एप्रिलच्या उन्हात झाडू आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन कशेळीच्या कातळावर कोण गेलं होतं? कातळात कोरलेल्या त्या हत्तीच्या पोटातले मासे आणि जनावरं मोजत दुपारभर बसलात आणि आई म्हणाली, "घरचं अंगण कधी झाडलं नाही, चालले रान झाडायला." अशी चित्रं शोधणारे रिसबूड, मराठे आणि त्यांच्याबरोबरची माणसं गावोगाव विचारत कातळ तुडवत फिरली, तेव्हाही लोकांनी हेच म्हटलं असेल. 2022 साली तीच कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा तुम्ही पेपरचं कात्रण मला फोटो काढून पाठवलंत. तीनदा.

तर एक काम सांगते. पावसात तुम्ही आंबोलीला जालच, धबधबा बघायचा म्हणून नाही, गर्दीला नावं ठेवायची म्हणून. तिथं कातळाच्या सड्यावर एक भेक राहतो, बोटाएवढा, 2009 साली शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंदवलेला. त्या परिसराबाहेर जगात कुठे नाही आणि अगदी संकटात आहे. पहिल्या पावसात तेही बाहेर पडतात. उचलू नका, शोधायला दगडही उलटे करू नका. घाटात रात्री ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगा, आणि रस्त्यावर काय काय दिसलं ते तारीख घालून वहीत लिहा. तुमची ती कातळशिल्पांची निळी वही मागून कोरी आहे, मला माहीत आहे.

येत्या रविवारी पाडवा, आणि योगायोगानं त्याच दिवशी इथली घड्याळं तासभर पुढे सरकतात. म्हणजे तुमचे साडेदहा वाजले की माझे पाच नाही, सहा वाजलेले असतील. त्या हिशोबानं फोन करा, मला झोपेतून उठवू नका. यंदाची गाठी पोचली. अर्धी खाईन, अर्धी आजींना देणार आहे, सीगलना नाही.

आई, बादली वेगळी आहे. हिरवी, बिनकडीची, आजींच्या गॅरेजमधली. आपली निळी कपड्यांचीच.

तुमची,
मनू

ता. क. पुढच्या पार्सलात चकली नको, पीठच होतं तिचं. कोकम पाठव.