राखण्याचा खर्च दरवर्षीचा

महोदय,

कर्नाटकातील कोडगूत (कूर्ग) पामेला व अनिल मल्होत्रा या दांपत्याने १९९१ मध्ये स्वखर्चाने ५५ एकर पडीक जमीन घेतली आणि पुढे सुमारे ३०० एकरांवर जंगल परत आणले, याचे कौतुक योग्यच आहे. परंतु जमीन एकदाच विकत घ्यावी लागते, राखावी मात्र दरवर्षी लागते. आमच्या तालुक्यातील अशाच एका छोट्या खासगी रानात मी जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत-झुडपे काढून ठेवलेला मोकळा पट्टा, काढायला जातो. सुट्टीला येणारे स्वयंसेवक छायाचित्रांसाठी जितके तत्पर असतात तितके कोयता धरण्यासाठी नसतात आणि होळीच्या सुमारास, वणव्याची भीती सर्वाधिक असताना, परीक्षांमुळे कोणी फिरकतही नाही. म्हणून गस्त गावातील पगारी माणसांकडेच असावी. स्वयंसेवकांना पाणवठ्यातला गाळ उपसणे, रानमोडी हे माजलेले परदेशी तण उपटणे, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणे अशी नेमून दिलेली कामे द्यावीत आणि त्यांच्याकडून राहण्याजेवणाचे पैसे निःसंकोच घ्यावेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीमुळे खासगी जमिनीलाही, मालक तयार असल्यास, समुदाय राखीव क्षेत्र या संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळू शकतो; त्याची प्रक्रिया वनविभागाने ग्रामसभांमध्ये समजावून सांगावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा