डोलकाठी सरळ केली

नागपूर
रविवार, रात्री

प्रिय संजय,

"शीड जुनं झालंय बे, बदल," असं तू जाताना म्हणाला होतास. मी पैसेही साठवायला लागलो होतो. पण आपल्या एंटरप्रायझ होडीचा वेग शिडात नव्हे, डोलकाठीत अडकला होता!

आठवतं ना, अंबाझरी तलावावर एका अंगानं वारा घेतला की ती पळायची आणि दुसऱ्या अंगानं घेतला की मरगळायची? आपण दोष द्यायचो बांधावरून फिरून येणाऱ्या वाऱ्याला. मागच्या रविवारी वारा अगदी पडला होता. होडी काठावर सपाट ठेवली, शीड चढवायच्या दोरीला मोजपट्टी बांधून टोकापर्यंत ओढली आणि दोन्ही कडांपर्यंत मोजलं. दीड बोटाचा फरक! डाव्या शराउडची, म्हणजे काठीला बाजूनं ताणून धरणाऱ्या तारेची, पिन भोकांच्या पट्टीत एक भोक खाली होती. इतकी वर्षं काठी डावीकडे कलूनच उभी होती.

मग तीच मोजपट्टी मागच्या फळीपर्यंत लावली. काठी मागेही फार झुकलेली. झोत आला की टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातातून ओढून घ्यायचं, ते यामुळेच. काठी मागे गेली की शिडाचा जोरही मागे सरकतो आणि होडी वाऱ्याकडे वळू पाहते. आपण सुकाणू तिरकं धरून तिला आवरायचो, म्हणजे पाण्यात सतत ब्रेकच. डावं शराउड उजव्याबरोबर केलं, मग दोन्ही एकेक भोक सैल केली आणि जिब, म्हणजे पुढचं शीड, चढवायची दोरी कचकन ताणून काठी पुढे आणली. टिलरला थोडी ओढ मुद्दाम ठेवलीय. ती मेली तर हाताला वारा कळत नाही.

त्या ताणानं जिबची पुढची कडही सरळ झाली. आधी ती वाऱ्याखाली झोळीसारखी झुकायची, मग होडी वाऱ्याच्या तोंडाशी जाणार कशी? जॅक होल्टनं १९५६ साली आखलेल्या या होडीला ना स्पिनेकर (फुग्यासारखं जादा शीड), ना ट्रॅपीझ (होडीबाहेर लटकायची तार). दोनच शिडं आहेत, त्यांतलं एक आपण वाया घालवत होतो.

आज सकाळी ती लाल होडी शेजारी होती. बोयापर्यंत, म्हणजे तरंगत्या खुणेपर्यंत, नाळेला नाळ, टोकाला टोक, दोन्ही अंगांनी! तू पुढे बसलेला असायला हवा होतास रे.

मुंबईच्या जोरदार वाऱ्यात तुम्ही काठी मागे झुकवून शिडाचा जोर कमी करत असाल. टोकापासून मागच्या फळीपर्यंत किती ठेवता, ते मोजून कळव. पावसाळी झोतांसाठी मला ते माप हवंय.

तुझा,
विनय