समुद्रावर येण्याआधी पावलं मोजा

रत्नागिरी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

संकष्टीला गणपतीपुळ्याला यायचं तुमचं नक्की झालं, हे काल दादाकडून कळलं. बदली होऊन इथे आल्यापासून मी बोलावतेय आणि तुम्ही कधी पाऊस, कधी गुडघे, कधी कुणाचं तरी लग्न पुढे करताय. तुमची एसटी आंबा घाट उतरेपर्यंत माझा काही विश्वास बसायचा नाही. पण तोवर सांगलीतच एक काम उरकून घ्या. तुम्हा दोघांना पाण्यात घालायचे बूट लागतील. फोनवर सांगितलं की बाबा "हो हो" म्हणतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहून पाठवतेय.

बाबा, तुमचं उत्तर मला पाठ आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मी गावभागातून कमरेएवढ्या पाण्यात अनवाणी चाललोय, मला कसले बूट सांगतेस! चाललात, खरं आहे. पण तेव्हा तळव्याखाली खडा आला तर तुम्हाला कळत होतं. गेल्या खेपेला डॉक्टरांनी तुम्हाला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवत "लागलं का?" म्हणून विचारत राहिले. अंगठ्याखाली आणि टाचेपाशी तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी शेजारीच बसले होते. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, त्या अशा न सांगता. तुम्ही धाडसी आहात की नाही हा प्रश्नच नाही. शिंपला पायात घुसला तर तुम्हाला तो हॉटेलवर येऊन मोजे काढताना दिसेल, तोवर वाळू आणि खारं पाणी जखमेत जाऊन बसलेलं असेल. अशा पायाची जखम भरायला किती वेळ लागतो हे तुम्ही आजोबांच्या वेळी पाहिलंय, त्यावर मी आणखी काय लिहू.

आणि आई, तुझा आक्षेप वेगळा, हेही मला ठाऊक आहे. पाण्यात पायताण घालून उतरायचं म्हणजे कृष्णामाईच्या पोटावर पाय दिल्यासारखं तुला वाटतं. नरसोबाच्या वाडीला किंवा औदुंबरला घाटावर तू चप्पल वरच काढून ठेवतेस, तशीच ठेव. तिथे मी एक शब्द बोलणार नाही, फक्त शेवटच्या शेवाळलेल्या पायरीवर उभी न राहता वर बसून तांब्याने पाणी घे. इथे आपण पूजेला नाही, खेळायला उतरणार आहोत. इथली माणसं नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि एरवी खडपात कालवं काढायला पायात काहीतरी चढवूनच जातात. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. समुद्राचा मान राखायला पाय कापून घ्यावा लागत नाही, असं इथल्या कुठल्याही बाईला विचार, ती सांगेल.

आता दुकानातलं. मारुती रोडला किंवा हरभट रोडला जाऊन "पाण्यातले बूट" मागितलेत तर दुकानदार आधी गमबूट काढेल. ते नकोत. गमबुटात वरून लाट शिरली की पाणी आतच राहतं, पाय उचलत नाही आणि माणूस पडतो. मग तो पावसाळी प्लास्टिकची सँडल दाखवेल, तीही नको. तिचा तळ गुळगुळीत असतो आणि ओल्या कातळावर सरकतो. क्रॉक्ससारखे ढगळ जोडे लाट परतताना पायातून निघून जातात. साधी स्लीपर तर ओल्या वाळूत रुतते आणि उचलताना अंगठा तुटतो. बाबांचे फ्लोटर्स त्यातल्या त्यात बरे, कारण मागे पट्टा आहे. पण बोटं उघडी राहतात आणि पट्ट्याखाली अडकलेली वाळू कातडी सोलत राहते. ज्याच्या पायाला कळत नाही त्याला ती सोललेलीही कळायची नाही. म्हणून बाबांना बोटं पूर्ण झाकणारेच बूट हवेत. कोल्हापुरी घालून किनाऱ्यावर येऊ नका हे सांगायला नकोच. खाऱ्या पाण्याने चामड्याची वाट लागते.

नेमके हवेत ते बूट खेळाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, "अ‍ॅक्वा शूज" म्हणून मागा. वर जाळीचं ताणलं जाणारं कापड, खाली रबर, दिसायला जाड मोज्यासारखे. महागातला महाग जोड मुळीच नको. निओप्रीनचे, म्हणजे जाड फुगीर रबरी कापडाचे, दाखवले तर परत द्या. ते थंड समुद्रासाठी असतात. आपल्या कोकणात पाणी थंडीतही कोमट असतं, आणि निओप्रीन वाळता वाळत नाही.

जोड हातात आला की आधी उलटा करून तळ बघा. रबर नखाने दाबल्यावर किंचित दबलं पाहिजे, आणि त्यावर बारीक बारीक चिरा हव्यात. ओल्या कातळावर पकड येते ती त्या चिरांमुळे, कारण पायाखालचं पाणी तिथून बाजूला सरतं. मात्र हिरव्या शेवाळावर जगातला कुठलाच बूट धरत नाही, तेव्हा बूट आहेत म्हणून खडपावर चढायचं नाही. मग बूट वाकवून बघा. बोटांच्या सांध्यापाशी वाकला तर ठीक, मध्येच घडी पडत असेल तर नको. काही जोडांचा तळ पापडाएवढा असतो. जवान पोरांना चालतो, आई, तुझ्या टाचदुखीला चालणार नाही. तुला बोटभर जाड, आत मऊ गादी असलेला घे, आणि ती गादी काढता येणारी असली तर उत्तम, निराळी वाळवता येते.

आत हात घालून शिवण चाचपायची. ही गोष्ट बाबांच्या जोडासाठी सगळ्यात महत्त्वाची, आणि दुकानात कुणी करत नाही. भिजलेली कातडी मऊ पडते, आणि मऊ कातडीवर उंच शिवण घासली की अर्ध्या तासात फोड. आतून शक्यतो सलग असलेला जोड निवडा, आणि पुढे बोटांवर रबराची टोपी हवीच.

पाणी जायची भोकं हा थोडा पेचाचा मामला आहे. भोकं मोठी असली तर पाणी चटकन निघतं, पण वाळूही तितक्याच चटकन आत येते. नदीच्या गोट्यांवर चालणाऱ्याला ती बरी. आपल्याला वाळूत चालायचंय, म्हणून जाळी बारीक विणीची आणि भोकं लहान असलेली घ्या. पाणी थोडं सावकाश निथळलं तरी हरकत नाही.

माप मात्र दुकानात अंदाजाने सांगू नका. बाबा, तुम्ही वर्षानुवर्षं आठ नंबर सांगताय, पण वयाने पाऊल पसरतं. आपल्याकडचा आठ म्हणजे युरोपातला साधारण ४२, आणि हे बूट बहुतेक युरोपी मापाने येतात. शिवाय कित्येकदा दोन मापं मिळून एक जोड असतो. सगळ्यात सोपं म्हणजे टाच भिंतीला लावून कागदावर उभं राहायचं आणि सर्वांत लांब बोटापाशी खूण करायची. तेवढे सेंटिमीटर मोजायचे. दोन्ही पायांचं काढा, मोठा आकडा धरा, त्यावर अर्धा सेंटिमीटर सोडा. त्याहून जास्त सोडलंत तर भिजल्यावर बूट सैल पडतो आणि आत पाय हिंडतो. हे संध्याकाळी करा. दिवसभरात पाय सुजतात, आणि इथे तर तुम्ही एसटीत चार-पाच तास पाय लोंबकळत ठेवून येणार आहात. घालून बघताना टाच उचलून चाला. टाच सुटत असेल तर तो जोड लाटेत टिकणार नाही.

बंदासाठी आईला वेल्क्रो किंवा मागे ओढायला कापडी फास असलेला बघा. गुडघ्यांमुळे तिला खाली वाकून नाडी बांधता येत नाही, आणि साडी सावरत नाडी बांधणं मलाही जमत नाही. बाबांना ओढून आवळायची रबरी दोरी चालेल, पण इतकी आवळू नका की पावलावर वळ उठेल. रंगाचा हट्ट नको, फक्त काळा टाळा, उन्हात तापतो.

घरी आणल्यावर न्हाणीत जा, घाला, वर दोन तांबे पाणी ओता आणि थोडं चाला. हसू नका. भिजल्यावर कुठे घासतंय ते तिथेच कळेल, आणि दुकानदार मात्र भिजलेला जोड परत घेणार नाही. म्हणून आधी कोरडाच घरातल्या घरात फरशीवर फिरवा, त्यातून पास झाला तरच न्हाणी. प्रत्येक वेळी काढल्यावर बाबांचे तळवे आईने बघायचे. लाल डाग दिसला तर बूट बदलायचा, पाय नव्हे.

इथला बेत मी असा ठरवलाय. चतुर्थीची भरती कोकणातल्या जुन्या हिशोबाने तिथीच्या पाऊणपट, म्हणजे चार गुणिले पाऊण, दुपारी तीनच्या सुमाराला. म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून हे तुम्हीही काढू शकता. रोज ती वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. संकष्टीला आपण पहाटेच पुळ्याला जाऊ. प्रदक्षिणा डोंगराभोवती, साधारण एक किलोमीटर, अनवाणीच करतात, तर ती ऊन चढायच्या आत, आणि बाबा, पायात जाड सुती मोजे घालूनच. तापलेल्या फरशीने तळवा भाजतो आणि तुम्हाला नुसतं कोमट लागतं. पुळ्याच्या समुद्रात मात्र मी तुम्हाला उतरू देणार नाही. तिथे पाणी एकदम खोल होतं आणि ओढ फार आहे. दुरून नमस्कार करा.

पाण्यात जायचं ते दुसऱ्या दिवशी, भाट्याला. झरी विनायकाच्या बाजूने उतरू, तिथे किनारा लांबवर सपाट आहे. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडाकडे जायचं नाही, तिथे ओढ असते. पाणी गुडघ्याच्या खाली. लाट परतताना टाचेखालची वाळू निघून जाते आणि तोल मागे जातो, म्हणून लाटेला आडवं उभं राहायचं, पावलं थोडी फाकून, आणि परतणाऱ्या पाण्याकडे टक लावून बघायचं नाही, चक्कर येते. चालताना पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बसलेलं असलं तर ते धक्क्याने पळून जातं. त्याच्या शेपटीच्या काट्यावर सरळ पाय पडला तर बूट काही करू शकत नाही. अर्धा तास पुरे. त्या दिवशी कुणाच्या टाचेला उघडी भेग असली तर त्या माणसाने काठावर खुर्चीत बसून शहाळं प्यायचं, आई, हे तुला उद्देशून आहे. आत्तापासून रोज रात्री टाचांना व्हॅसलीन लावलंस तर बसावं लागणार नाही.

बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, नाहीतर चिखल्या होतात. क्रीम लावायचं ते तळव्याला, बेचकीत नाही. बूटही गोड्या पाण्यात खळबळून सावलीत उलटे ठेवायचे. उन्हात टाकले तर तळाचा डिंक सुटतो. पुन्हा घालताना आत हात घालून बघायचं. खडा, शिंपल्याचा तुकडा, इथे तर कधी छोटा खेकडाही निघतो.

हे बूट घालून रत्नदुर्ग किल्ला चढायचा नाही, त्याला तुमचे नेहमीचे आणा.

सांगलीत मनासारखा जोड मिळाला नाही तर उगाच कसला तरी घेऊ नका. पावलांच्या कागदांचे फोटो मला पाठवा, मी इथून बघते. कागदावर आईचं आणि बाबांचं वेगवेगळं लिहा, आणि बाबा, तुमच्या डाव्या पायाचा तो वळलेला अंगठा आहे ना, त्या पावलाची रुंदीही सगळ्यात पसरट जागी मोजून बाजूला लिहा. लांबीने बसलेला जोड तिथेच चावतो.

तुमची,
सुमी