कंबरदुखीचा व्यायाम तपासणीनंतरच ठरतो

संपादक महोदय,

वर्तमानपत्रांच्या आरोग्यपानांवर कंबरदुखीसाठी पाच-सहा व्यायामांची चित्रे अधूनमधून छापून येतात. चित्रांतल्या हालचाली सहसा बरोबर असतात, पण त्या कोणी करायच्या हे लिहिलेले नसते. त्यातले भुजंगासन एकाचा पाय मोकळा करते, तर दुसऱ्याला चार पावले चालणेही अवघड करून ठेवते. हे का होते आणि तपासणीत आधीच कसे ओळखता येते, याबद्दल हे पत्र.

मणक्यांमधली चकती मागे सरकून नस चिडली असेल, तर बहुधा बसणे, वाकणे, खोकणे आणि शिंकणे जड जाते. थोडे चालल्यावर बरे वाटते. वयोमानाने मणक्यातली नसांची नळी अरुंद झाली असेल, तर नेमके उलटे घडते. उभे राहिले किंवा चालले की पाय भरून येतात, आणि बसले किंवा पुढे झुकले की काही मिनिटांत हलके होतात. असा माणूस सायकल आरामात चालवतो, पण तेवढेच अंतर पायी जाऊ शकत नाही. कंबर मागे वाकवली की ही नळी आणखी अरुंद होते, म्हणून त्याला पालथे झोपून छाती उचलायला लावणे चूक. त्याला उताणे झोपून गुडघे पोटाशी घेणे मानवते. पहिल्या माणसाला मात्र तेच बाधू शकते.

‘पण एमआरआय काढलाय ना!’ असे इथे बरेच जण म्हणतात. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वीस वर्षांच्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज आणि ३० टक्क्यांत फुगवटा दिसतो, असा अंदाज निघाला. ऐंशीव्या वर्षी हेच आकडे ९६ आणि ८४ होतात. म्हणजे अहवालातला फुगवटा आजच्या दुखण्याचे कारण आहे की नाही, हे अंगाची तपासणी केल्याशिवाय सांगता येत नाही.

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी होते. लघवी अडते किंवा नकळत होते का, शौचावरचा ताबा सुटलाय का, दोन मांड्यांमधला आणि गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर वाटतो का? यातले एकही उत्तर ‘हो’ असेल, तर फिजिओथेरपी थांबवून रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवायचे. तिथे तासांचा उशीरही महागात पडतो. पूर्वी कर्करोग झालेला असणे, विनाकारण वजन घटणे, ताप, नुकतेच पडणे, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणे, कुशी बदलूनही रात्री न थांबणारी कळ, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

नंतर बूट-मोजे काढायचे आणि पाठ उघडी करायची. कपड्यांवरून पाठ तपासता येत नाही. पुढे वाकून बोटे जमिनीला टेकतात का, हे बघून अनेक जण थांबतात. पण त्यातून कमरेपेक्षा खुबा आणि मांडीमागच्या स्नायूंचीच लवचीकता जास्त कळते. कंबर मोजायची तर पाठीच्या तळाशी दिसणाऱ्या दोन खळ्या जोडणाऱ्या रेषेच्या १० सेंमी वर आणि ५ सेंमी खाली खूण करावी. वाकल्यावर या १५ सेंमीचे किमान २० व्हायला हवेत. तरुण माणसात ते झाले नाहीत, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि विश्रांतीऐवजी हालचालीने बरे वाटत असेल, तर संधिवाततज्ज्ञाचे मत घ्यावे. मणक्यांना सूज आणणारा हा संधिवात कितीतरी वर्षे ‘गॅप’ म्हणून शेकला जातो.

मग रुग्णाला उताणे झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय उचलतात. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याखाली उतरली, तर नसेचा संशय घ्यायचा. नुसती मांडीमागे ओढ लागली, तर तो बहुतेक वेळा स्नायूचा ताठरपणा असतो. त्यालाच ‘नस दबली’ म्हणणे ही नेहमीची चूक. शंका असेल तर पाय थोडा खाली आणून पाऊल वर दाबावे. त्याने मांडीमागच्या स्नायूवर ताण वाढत नाही, नसेवर वाढतो. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर चकतीचा पुरावा अधिक भक्कम.

नसेची ताकद बघताना पायाचा अंगठा वर उचलायला लावून हाताने विरोध करतात. तिथे एल-५ (कमरेच्या मणक्यांतली पाचवी) नस कळते. एस-१ साठी (तिच्या खालची, माकडहाडाच्या वरच्या हाडातली पहिली नस) पोटरीची ताकद नुसत्या हाताच्या विरोधाने पाहणे पुरत नाही, कारण तो स्नायू इतका बळकट असतो की थोडा अशक्तपणा हाताला जाणवतच नाही. एका पायावर उभे करून दहा वेळा चवड्यावर उठवावे आणि दुसऱ्या पायाशी तुलना करावी. स्पर्शही तपासावा: नडगीची आतली बाजू एल-४ ची, पावलाचा वरचा भाग आणि अंगठा एल-५ चा, पावलाची बाहेरची कड आणि करंगळी एस-१ ची. सोबत गुडघ्याचा आणि घोट्याचा प्रतिक्षेप, म्हणजे हातोडीने हलके ठोकल्यावर पाय आपोआप झटकतो का ते. हे सगळे एकाच नसेकडे बोट दाखवत असेल आणि एमआरआयही तेच सांगत असेल, तेव्हाच त्या अहवालाला वजन येते. जांघेत दुखत असेल आणि खुबा आत वळत नसेल, तर कमरेवर उपचार करण्यात वेळ घालवू नये. दुखणे खुब्याचे असू शकते.

व्यायामाची दिशा ठरवण्यासाठी न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांची पद्धत आजही कामाला येते. एकाच दिशेची हालचाल दहा वेळा करवून दुखणे कुठे गेले ते विचारायचे. पोटरीतली कळ मांडीत आणि मांडीतली कमरेत आली, तर कमरेत थोडे जास्त दुखले तरी ती दिशा योग्य. कंबर हलकी झाली पण पावलात मुंग्या वाढल्या, तर लगेच थांबावे. घरी नेमका इथेच घोळ होतो: कंबर दुखली म्हणून लोक योग्य व्यायाम सोडतात आणि कंबर थांबली म्हणून चुकीचा चालू ठेवतात.

दिशा मागची ठरली, तर पालथे झोपून हातांनी छाती उचलायची. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. कंबर आणि कुल्ले सैल हवेत. पाठीच्या जोरावर उठल्यास स्नायू आवळतात आणि हालचाल अर्ध्यावरच अडते. कळ ओसरल्यावर बळकटीचे व्यायाम. हात-गुडघ्यांवर येऊन उलट बाजूचे हात-पाय लांबवताना पाय कमरेच्या पातळीपर्यंतच न्यावा, त्यावर गेला की पाठीत खळगा पडतो. आठ-दहा सेकंद धरून आधी सहा, मग चार, मग दोन वेळा करावे. थकलेला स्नायू ढब बिघडवतो, म्हणून संख्या उतरती. व्यायामात दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणे चालते, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्ववत व्हायला हवे. न झाल्यास संख्या निम्मी करावी.

आता यंत्रांविषयी. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत कंबर ओढून दिलेला ताण (ट्रॅक्शन), अल्ट्रासाउंड, टेन्सचा (त्वचेवरून दिला जाणारा सौम्य विजेचा) करंट आणि कमरेचा पट्टा नित्याचे उपचार म्हणून सुचवलेले नाहीत. शेकाने तासभर बरे वाटते, हरकत नाही. पण प्रतिक्षेपही न तपासता दहा दिवस फक्त यंत्र लावले जात असेल, तर पैसे कशाचे, हे रुग्णाने जरूर विचारावे. अंथरुणाला खिळून राहण्याचाही उपयोग नाही. फिनलंडमधल्या १९९५ च्या चाचणीत शक्य तेवढी रोजची कामे चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले. दुखणे थांबल्यावर चालणे सोडू नये. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत, टप्प्याटप्प्याने आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत जाणाऱ्यांचे दुखणे परतायला मध्यकाने (निम्म्यांत त्याआधी, निम्म्यांत त्यानंतर) २०८ दिवस लागले. हा कार्यक्रम न दिलेल्या गटात ११२.

पहिल्या दिवसाची मोजमापे कागदावर हवीत: पाय किती अंशांवर अडला, चवड्यावर किती वेळा उठता आले, कळ कुठपर्यंत होती. दर एक-दोन आठवड्यांनी तीच पुन्हा घ्यावीत. सहा आठवड्यांत काहीच हलले नाही, तर निदान नव्याने तपासावे. पाऊल लुळे पडू लागले किंवा अंगठ्याची ताकद आधीपेक्षा कमी भरली, तर सहा आठवडे थांबू नये. त्याच दिवशी तो कागद सोबत देऊन रुग्णाला मणक्याच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

आपले,
दोन फिजिओथेरपिस्ट