विषय: लार्ज पेग कमी भरल्याबद्दल आणि बिलात सेवा शुल्क लावल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

महोदय,

मी विट्याचा. आमचा गलाईचा धंदा, दुकान कोइमतूरला. सोनं गाळणाऱ्या माणसाला काट्यावर मिलिग्रॅमचा फरकही खपत नाही, म्हणून हे पत्र. नाहीतर विमानतळावरचे दर सगळेच निमूट गिळतात, तसे मीही गिळले असते.

14 नोव्हेंबर 2025 रोजी मी आणि माझे मेहुणे पहाटे विट्याहून गाडीने निघालो. विमानतळावर सिक्युरिटी आटोपून आपल्या बारमध्ये बसलो तेव्हा हाताशी तासभर होता. व्हिस्कीचे दोन लार्ज सांगितले, बर्फाशिवाय. मेनूत 60 मिलीला 750 रुपये. ग्लास सारखेच, पण शेजारी शेजारी ठेवले तर माझ्यातली पातळी चांगली नखभर खाली. (मेहुण्यांना अर्थातच काही तक्रार नव्हती.) बारवाला बाटलीतून अंदाजाने ओतत होता, हे आम्ही बघितलं होतं.

मी मेजर, म्हणजे पेग मोजायचं माप, मागितलं. ते यायला दहा मिनिटं गेली. 30 मिलीचं मेजर एकदा भरलं, दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबलं. म्हणजे 45 मिली. त्यावर वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा शिक्काही दिसला नाही. आपले मॅनेजर म्हणाले, "सर, एअरपोर्टला असंच असतं, तुमचं फ्लाईट जाईल." खरंच गेलं असतं. गेट 25 मिनिटं आधी बंद होतं आणि ते तुमच्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. गावातल्या बारमध्ये मी ग्लास भरून घेतल्याशिवाय उठलो नसतो.

बिलात वर 150 रुपये सेवा शुल्क. ते न विचारता बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलं आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं.

माझा हिशेब असा: 15 मिलीचे 187 रुपये 50 पैसे आणि सेवा शुल्काचे 150, एकूण 337 रुपये 50 पैसे. पंधरा दिवसांत परत करावेत आणि प्रत्येक पेग गिऱ्हाइकासमोर शिक्क्याच्या मेजरने भरला जाईल, असं लेखी कळवावं. नाहीतर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सांगलीचा ग्राहक आयोग मला कोइमतूरपेक्षा जवळ आहे.

बिलाची प्रत आणि दोन्ही ग्लासांचा फोटो जोडला आहे. उत्तर ई-मेलवरच द्यावं, घरी फोन करू नये. या विषयावर घरात पुरेशी चर्चा झाली आहे.

आपला,
एक ग्राहक
विटा, जि. सांगली