पंख्याचं पातं तुटण्याआधी थांबवल्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या एकट्याच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही जे केलंत आणि जे समजावून सांगितलंत, ते जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून आभार सगळ्यांसमोर मानतो आहे.

जीपच्या इंजिनातून टिकटिक येत होती. आयडलिंगला ऐकू यायची, रेस वाढवली की इतर आवाजांत बुडून जायची. ज्यांनी ज्यांनी ऐकली त्यांना टॅपेटचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, संशय आला. तुम्ही बोनेट उघडून थोडा वेळ कान दिलात, आणि आधी इंजिन बंद करायला लावलंत. मग रेडिएटरमागे फिरणाऱ्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या रेषेत उभ्या असलेल्या सगळ्यांना बाजूला केलंत. फिरत्या पंख्याचं पातं निखळलं तर ते बहुतेक वेळा बाजूला किंवा वर उडतं, पत्रासुद्धा फाडून जाऊ शकतं, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. तोवर आम्ही सगळे नेमके तिथेच वाकून आवाज शोधत होतो.

तुमचं बोलणं ऐकून मी नंतर हिशेब मांडून पाहिला. पातं पाव किलोचं धरलं, त्याचा भार मध्यापासून १५ सेंटिमीटरवर आहे असं मानलं, तर मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ते मुळापासून सुमारे पावणेचारशे किलोच्या जोराने ओढलं जातं. १५०० फेऱ्यांवर हीच ओढ चौथ्या हिश्श्यावर येते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एवढा सगळा भार दोन-चार रिबिटांवर.

पंखा उतरवल्यावर एका पात्याच्या मुळाशी, रिबिटच्या भोकापासून निघालेली चीर डोळ्यांना दिसत होती. काम तिथे संपलं असतं. तुम्ही मात्र अख्खा पंखा घासून स्वच्छ केलात, रॉकेलमध्ये भिजवून ठेवलात, कोरड्या फडक्याने पुसलात आणि वर खडूची पूड चोळलीत. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपलं आणि समोरच्या पात्यावरही पांढऱ्या पुडीत एक बारीक काळसर रेघ उमटली. ती साध्या नजरेला दिसलीच नसती. जुन्या पंख्यावर रंगाचे थर चढलेले असतील तर आत काय दडलंय ते कळत नाही, म्हणून तपासणीआधी रंग काढायलाच हवा, हे तेव्हा पटलं.

'वेल्डिंग मारून घ्या, काम भागेल,' असं सांगणारे कमी नव्हते. तुम्ही ठाम नकार दिलात, आणि त्याबद्दल मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचा गुण बदलतो, पुढची चीर बहुधा जोडाच्या काठालाच धरते, आणि एका बाजूला धातूची भर पडून पंख्याचा तोल जातो तो वेगळाच. चार पात्यांचा पंखा अडचणीत सापडला तर समोरासमोरची दोन पाती काढून, तोल राखून, गाडी हळूहळू ठिकाणावर नेतात, हेही तुम्ही सांगितलंत. पण ती वेळ निभावण्याची सोय, दुरुस्ती नव्हे, हे सांगायला विसरला नाहीत.

मग तुम्ही पट्टा सैल केलात, पंख्याचा हब, म्हणजे मधला भाग, दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवलात, आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगमधला खेळ माझ्या हाताला जाणवून दिलात. पंपाखालच्या बारीक भोकाशी पाणी झिरपल्याचे डागही होते. पंप डुगडुगतो, पंखा थरथरतो, थरथरीने पातं मुळाशी थकतं. नुसता पंखा बदलला असता तर नव्यालाही तेच भोगावं लागलं असतं. पट्टा गरजेपेक्षा घट्ट ओढला की बेअरिंग लवकर जातं, हेही त्याच ओघात कळलं.

नवा पंखा निवडताना तुम्ही व्यास, पात्यांची संख्या, बोल्टांची भोकं, पात्यांचा कल आणि फिरण्याची दिशा एकेक करून जुन्याशी ताडून पाहिलीत. बसवल्यावर बॅटरीची तार काढून ठेवलीत, पात्याच्या टोकाजवळ एक तार रोवलीत आणि पंखा हाताने फिरवत प्रत्येक पातं त्याच जागेवरून जातंय ना ते पाहिलंत. रेडिएटरपासूनचं अंतर मोजताना इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं त्या रबरी माउंटांकडेही लक्ष वेधलंत: रबर मऊ पडलं की जोरात ब्रेक लागल्यावर इंजिन पुढे सरकतं आणि पंखा जाळीत घुसू शकतो. खोल पाण्यातून जीप न्यायची असेल तर आधी पंख्याचा पट्टा उतरवतात, नाहीतर पाण्याच्या दाबाने पाती पुढे वाकतात. हे मी कुठेतरी ऐकलं होतं, कारण मात्र तुमच्याकडून समजलं.

विजेचा पंखा बसवण्याचा विचार माझ्याही मनात होता. सहा व्होल्टच्या जुन्या डायनॅमोला तो भार पेलणार नाही, आणि रेडिएटर साफ असेल तर मूळ पंखा पुरेसा आहे, असं तुम्ही म्हणालात. तसंच झालं. चढावरही पाण्याचं तापमान आता जागेवर राहतं आणि टिकटिक गेली.

जुना पंखा मी ठेवला आहे. त्यावर 'वापरू नये' असं ठळक कोरलंय, म्हणजे चुकूनही तो दुसऱ्या कुणाच्या इंजिनावर चढणार नाही. माउंटांची नवी रबरं आली आहेत. तुम्हाला सवड असेल त्या दिवशी बसवू, तोवर मी त्यांना हात लावत नाही.

तुमचा ऋणी,
एका जुन्या जीपचा मालक