जेफर्सनच्या पुस्तिकेत मुद्रक स्त्रीचे नाव हवे

संपादक महोदय,
स. न.

पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफर्सनच्या ‘अ समरी व्ह्यू ऑफ द राइट्स ऑफ ब्रिटिश अमेरिका’ या १७७४च्या पुस्तिकेच्या पुनर्मुद्रणाचा परिचय आपल्या रविवार पुरवणीत आला. पुस्तिका मी घेऊन वाचली आहे. मुद्रितशोधनात आयुष्य गेल्याने पुस्तक हातात आले की मी आधी मुद्रकाचे नाव पाहते. ते ना नव्या प्रस्तावनेत सापडले, ना आपल्या परिचयात. मूळ पुस्तिका छापली ती अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीतील विल्यम्सबर्गच्या क्लेमेंटिना रिंड हिने.

जेफर्सनने हा मजकूर पुस्तिका काढायची म्हणून लिहिलाच नव्हता. फिलाडेल्फियाला भरणाऱ्या अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसमध्ये (प्रतिनिधी-परिषदेत) व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींनी काय भूमिका घ्यावी, याचा तो मसुदा होता. हे ठरवणाऱ्या विल्यम्सबर्गच्या सभेला जाताना जेफर्सन वाटेत हगवणीने आजारी पडला, घरी परतला आणि मसुद्याच्या प्रती पुढे धाडल्या. सभेला मसुदा फार जहाल वाटला. मग मित्रांनीच तो छापायला दिला, शीर्षकही त्यांचेच. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नाही. ‘एक भूमिपुत्र आणि प्रतिनिधिगृहाचा सदस्य’ एवढेच. मुद्रक स्त्रीचे नाव मात्र त्याच पानावर उघड आहे! राजे हे प्रजेचे सेवक, मालक नव्हेत, असे ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याला सुनावणारा मजकूर, आणि त्याखाली लेखक झाकलेला, मुद्रक स्त्री समोर. तिचा नवरा विल्यम १७७३मध्ये वारला होता. मुले, छापखाना आणि ‘व्हर्जिनिया गॅझेट’ हे वृत्तपत्र तिच्या अंगावर पडले होते. सप्टेंबर १७७४मध्ये तीही गेली. इतक्या धैर्याने केलेल्या कामाचा उल्लेख एका ओळीतही नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परिचयलेखकाने टोप्यांचा उतारा दिला हे फार चांगले केले. आपल्याच जमिनीवर पकडलेल्या जनावराच्या फरची टोपी अमेरिकन माणसाने स्वतःसाठी करायची नाही, असा ब्रिटिश कायदा. ब्रिटनमधल्या १ लाख ६० हजार मतदारांनी अमेरिकेतल्या ४० लाख लोकांसाठी कायदे का करावेत, हा जेफर्सनचा प्रश्न अशा तपशिलांमुळेच पटतो. पण गुलामगिरी नष्ट करणे ही वसाहतींची मोठी इच्छा आहे, हे वाक्य टिपेविना छापणे योग्य नाही. ते लिहिणाऱ्या जेफर्सनने हयातभरात ६००हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. नव्या वाचकाला हे त्याच पानावर कळायला हवे.

प्रकाशकांना विनंती, की पुढच्या आवृत्तीत १७७४च्या मूळ मुखपृष्ठाचे छायाचित्र द्यावे. एक पान वाढेल. आपणही क्लेमेंटिनाचे नाव पुरवणीच्या पुढच्या अंकात द्यावे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक